स्वतःला प्रश्न विचारणं आणि स्वतःची उलटतपासणी घेणं

१९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग अगदी साधा होता. दुकानातल्या टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं जाई, यातला सगळ्यात चांगल्या प्रतीचा कोणता? लोक निरखून बघत आणि एक जोड निवडत. मग पुढचा प्रश्न यायचा, हाच का? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं. त्या मोज्यांचा दर्जाच वेगळा आहे, असं ते सांगत.

चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरीही ४० टक्के लोकांनी उजव्या टोकाचा जोड निवडला आणि डाव्या टोकाचा फक्त १२ टक्क्यांनी. निवड ठरत होती ती मांडणीतल्या जागेवरून. पण कारण सांगताना जागेचा उल्लेख कुणीच केला नाही. "मांडणीमुळे तर तुम्ही हा निवडला नाही ना?" असं थेट विचारलं, तर जवळजवळ सगळ्यांनी ते साफ नाकारलं.

ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण असं का वागलो याचं उत्तर आपल्याला आतून दिसतं, असा आपल्या सगळ्यांचाच समज असतो. प्रत्यक्षात अनेकदा ते उत्तर आपण जागेवर तयार करतो. दुसऱ्या कुणाच्या वागण्यामागचं कारण जसं अंदाजानं सांगू, तसंच. फक्त स्वतःबद्दलचा अंदाज आपल्याला अंदाज वाटत नाही, तो अनुभव वाटतो. स्वतःविषयीच्या कुतूहलाची गरज इथून सुरू होते. "स्वतःला ओळखा" हा सल्ला आपण इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यात काही अवघड आहे, हेच लक्षात येत नाही.

उत्तर तयार असलं की प्रश्न पडत नाही

कुतूहल कधी जागं होतं, याची एक चांगली मांडणी अर्थतज्ज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये केली. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक करून घ्यायचं आहे, यात जेव्हा फट दिसते, तेव्हा मनाला टोचणी लागते. ती टोचणी म्हणजे कुतूहल. यातला महत्त्वाचा शब्द "दिसते" हा आहे. नुसतं अज्ञान पुरत नाही, ते नजरेला यावं लागतं. ज्या विषयाचा गंधही नाही, त्याबद्दल आपल्याला फारसं कुतूहल नसतं.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले गेले. उत्तर काय असेल याची कितपत खात्री वाटते आणि ते जाणून घ्यायची किती उत्सुकता आहे, हेही विचारलं गेलं. ज्यांना काहीच सुचत नव्हतं त्यांची उत्सुकता कमी होती आणि ज्यांना पक्की खात्री होती त्यांचीही कमीच. सगळ्यात जास्त उत्सुकता मधल्यांना, म्हणजे थोडंसं माहीत आहे पण नक्की सांगता येत नाही अशांना.

आता स्वतःला या मापानं तपासून पाहा. स्वतःबद्दल आपण बहुतेक वेळा "पक्की खात्री" असलेल्या टोकाला असतो. मी तापट आहे. मला गर्दी आवडत नाही. मी गणितात कच्चा. अशी वाक्यं आपण कितीतरी वर्षं वापरत असतो. त्यातली काही आपण लहान असताना दुसऱ्याच कुणीतरी म्हटलेली असतात. ती खरी आहेत की नाहीत हा मुद्दा नंतरचा. ती तयार असल्यामुळे फट दिसत नाही आणि फट दिसत नसल्यामुळे प्रश्न पडत नाही.

यात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात १८ ते ६८ वयोगटातल्या १९ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला होता. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात, असं विचारल्यावर लोक म्हणाले, बरेच बदललो. पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल, असं विचारल्यावर म्हणाले, फारसे नाही. विशीतलेही हेच म्हणाले आणि पन्नाशीतलेही. प्रत्येक वयात माणसाला वाटतं की आपण आता घडून पूर्ण झालो. घडून झालेल्या गोष्टीबद्दल कुतूहल कशाला वाटेल?

म्हणून स्वतःविषयीचं कुतूहल आपोआप वाढेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते मुद्दाम जागं करावं लागतं. त्याची पहिली पायरी मला तरी एकच दिसते. स्वतःबद्दलच्या एखाद्या पक्क्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि उत्तराची घाई करायची नाही. मी तापट आहे? कुणाकुणाशी? दिवसाच्या कुठल्या वेळी? ज्याच्याशी कधीच आवाज चढत नाही असं कुणी आहे का?

आत बघण्याच्या दोन तऱ्हा

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मी तर सतत स्वतःचाच विचार करत असतो. रात्री झोप येत नाही इतका. मग स्वतःची ओळख व्हायच्या ऐवजी जीव का उबगतो?

हा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनाही तो बरीच वर्षं छळत होता. स्वतःकडे जास्त लक्ष देणारी माणसं स्वतःला जास्त नेमकेपणानं ओळखतात, असं काही अभ्यासांत दिसत होतं. दुसरीकडे, हीच माणसं जास्त खचलेली आणि चिंताग्रस्त असतात, असंही दिसत होतं. एकाच सवयीचा असा दुहेरी परिणाम कसा?

१९९९ मध्ये पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी या कोड्याची उकल सुचवली. त्यांचं म्हणणं असं की ही सवय एक नसून दोन आहेत, त्या फक्त बाहेरून सारख्या दिसतात. काही जण स्वतःचा विचार करतात तो भीती, तोटा, अपमान यांच्या धगीमुळे. मनात तेच ते फिरत राहतं. काही जण विचार करतात तो जाणून घ्यायच्या ओढीनं, म्हणजे कुतूहलानं. पहिली सवय चिंतातुर स्वभावाशी जोडलेली आढळली. दुसरी जोडलेली होती नव्या अनुभवांकडे मोकळेपणानं जाण्याच्या वृत्तीशी. या दोन्ही सवयी एकाच माणसात असू शकतात. म्हणूनच आधीच्या मोजमापांत त्यांची सरमिसळ झाली होती.

पहिल्या सवयीला आपण रोजच्या बोलण्यात उगाळणं म्हणतो. ती किती महाग पडते याचा एक विलक्षण पुरावा योगायोगानं हाती लागला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १३७ विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि वाईट वाटलं की ते काय करतात याची नोंद घेतली होती. त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात मोठा भूकंप झाला. संशोधकांनी त्याच विद्यार्थ्यांना दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी पुन्हा गाठलं. भूकंपाआधीच ज्यांना दुःख उगाळत बसायची सवय होती, ते सात आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त खिन्न होते. त्यांची आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. एरवी असा अभ्यास कधीही जमला नसता, कारण संकट येण्याआधीची नोंद कुणाकडेच नसते.

म्हणजे "अंतर्मुख व्हा" हा सल्ला अर्धवट आहे. कसल्या ओढीनं अंतर्मुख व्हायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या आत या दोन्हींपैकी काय चाललंय, हे ओळखायचं कसं? मी प्रश्नाच्या सुरावरून ओळखते. उगाळताना आपण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं असतं. प्रश्न विचारले जातात, पण ते वकिली प्रश्न असतात. "मी असा कसा वागलो?" या प्रश्नाला उत्तर नको असतं, कबुली हवी असते. निकाल आधीच लागलेला असतो आणि पुरावे त्याला जुळतील असे गोळा केले जातात. कुतूहलाच्या प्रश्नाला मात्र कुठलंही उत्तर चालतं. ते आपल्या सोयीचं नसलं तरी त्याला हरकत नसते. आणखी एक खूण आहे. उगाळण्यात दहाव्या फेरीला तेच असतं जे पहिल्या फेरीला होतं. कुतूहलानं पाहिलं, तर थोड्या वेळानं निदान एखादा तपशील तरी नवा हाती लागतो. अर्धा तास विचार करून एकही नवी गोष्ट कळली नसेल, तर आपण विचार करत नव्हतो, झुरत होतो.

एक उदाहरण जवळून

समजा, तुम्हाला कामाचा एक अहवाल लिहायचा आहे आणि तो रखडलाय. रोज फाइल उघडता, थोडं लिहिता, मग हात फोनकडे जातो. तासाभरानं भानावर येता, तेव्हा वाक्य तयारच असतं, "मी आळशी आहे." इथे चौकशी बंद. आळशीपणाचं पुढे काय करायचं? स्वतःला दटावायचं, उद्यापासून नेटानं बसायचं ठरवायचं आणि उद्या पुन्हा तेच.

आता तोच प्रसंग उत्सुकतेनं पाहा. बदलायचा प्रयत्न नको, फक्त लक्ष ठेवायचं आहे. हात फोनकडे नेमका कधी जातो? दोन-तीन वेळा पाहिल्यावर दिसतं की आकडे भरताना जात नाही. तक्ते करताना तर वेळेचं भानही राहत नाही. हात जातो तो "यावरून असं दिसतं की" हे शब्द लिहून झाल्यावर. म्हणजे जिथे स्वतःचं मत मांडायची वेळ येते तिथे. आणखी जवळून पाहिलं, तर हात जायच्या आधी क्षणभर खांदे आखडतात आणि एक चेहरा डोळ्यांपुढून जातो. मागच्या अहवालाची बैठकीत सगळ्यांसमोर चिरफाड केलेल्या वरिष्ठांचा.

आता हे आळशीपण राहिलेलं नाही. ही भीती आहे आणि तिला जागा आहे, वेळ आहे, चेहरा आहे. तिच्याबाबत काही करता येतं. मताचा भाग आधी एखाद्या विश्वासातल्या सहकाऱ्याला तोंडी सांगून पाहता येतो. वरिष्ठांना आधीच जाऊन विचारता येतं की त्यांना नेमकं काय खटकलं होतं. कदाचित हेही पूर्ण उत्तर नसेल. पुढच्या वेळी आणखी काही दिसेल. पण "मी आळशी आहे" या वाक्यातून इतकं काही निघणं शक्यच नव्हतं.

या उदाहरणात एकही "का" नाही, हे लक्षात आलं असेल. कधी, कुठे, त्याआधी काय झालं, अंगात काय जाणवलं, असेच प्रश्न आहेत.

"का" जपून वापरायचा प्रश्न आहे

"का" हा कुतूहलाचा सगळ्यात लाडका प्रश्न. जगाबद्दल विचारताना तो उत्तमच असतो. स्वतःबद्दल विचारताना मात्र तो फसवतो, कारण मोज्यांच्या दुकानातल्या माणसांप्रमाणे आपल्याकडे कारणं लगेच तयार होतात आणि पटतातही.

विल्सन यांनीच १९९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हे वेगळ्या तऱ्हेनं तपासलं. विद्यार्थिनींना काही पोस्टर दाखवली आणि आवडेल ते घरी न्यायला सांगितलं. त्यातल्या काही जणींना निवडीआधी आपल्या आवडीची कारणं लिहायला लावली. ज्यांनी कारणं लिहिली, त्यांची निवड इतरांपेक्षा वेगळी पडली. तीन आठवड्यांनी विचारल्यावर त्या आपल्या पोस्टरवर कमी खूश होत्या. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की कारणं शोधताना आपण शब्दांत पकडायला सोपी कारणं पकडतो. एखाद्या चित्रापाशी मन का रेंगाळतं, हे सांगता येत नाही. एखादं पोस्टर गमतीदार आहे, हे सहज सांगता येतं. सांगता येण्याजोगं कारण मग खऱ्या आवडीवर मात करतं.

तरीही "का" टाकूनच द्या असं सांगणारे टोक गाठतात, असं मला वाटतं. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना राग आणणारा एखादा जुना प्रसंग आठवायला सांगितलं आणि "मला असं का वाटलं" हा प्रश्न दोन प्रकारे विचारायला लावला. काहींनी तो प्रसंग पुन्हा जगत असल्यासारखा डोळ्यांपुढे आणला. काहींनी थोडं मागे सरून, लांबून स्वतःकडे पाहत असल्यासारखा. प्रश्न तोच होता, पण लांबून पाहणाऱ्यांचा राग कमी भडकला. म्हणजे "का" विचारायला हरकत नाही, तो कुठे उभं राहून विचारतो हे महत्त्वाचं.

लांब उभं राहायची एक युक्ती त्याच मंडळींच्या २०१४ च्या अभ्यासात आहे. ती ऐकायला विचित्र वाटते. स्वतःशी बोलताना "मी" ऐवजी स्वतःचं नाव वापरायचं. लोकांसमोर बोलायची तयारी करताना ज्यांनी असं केलं, त्यांची घालमेल कमी झाली आणि पाहणाऱ्यांच्या मते ते बोललेही चांगलं. हे करून पाहण्यासारखं आहे. "मी एवढी का चिडले?" या प्रश्नात आणि स्वतःचं नाव घेऊन "ती एवढी का चिडली असेल?" या प्रश्नात फरक पडतो. दुसऱ्या प्रश्नात "असेल" आपसूक येतं. अंदाज अंदाजासारखा दिसू लागतो.

मन तिथे थांबत नाही, त्याचं काय?

सांगितलं ते सगळं पटलं, तरी एक अडचण उरते. आत पाहायला बसलं की उठून जावंसं वाटतं.

२०१४ साली विल्सन यांच्या गटानं लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. सोबत फोन नाही, पुस्तक नाही, फक्त आपले विचार. खोलीत एक बटण होतं. ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. तो झटका या लोकांनी आधी घेऊन पाहिला होता आणि तो टाळण्यासाठी पैसेही मोजू, असं सांगितलं होतं. तरीही त्या १५ मिनिटांत १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला.

हा प्रयोग वाचून लोक हसतात. मला त्यात दिलासा वाटतो. स्वतःसोबत बसणं अवघड जातं हा काही आपला एकट्याचा दोष नाही. माणसाचं मन काम नसलं की अस्वस्थ होतं, म्हणून त्याला नेमकं काम द्यावं. "स्वतःत डोकावा" हे काम नाही. "ही अस्वस्थता अंगात कुठे आहे आणि पुढच्या दोन मिनिटांत ती वाढते की ओसरते" हे काम आहे.

अशा बारकाईनं पाहण्याचा उपयोग व्यसनाच्या बाबतीतही दिसला आहे. जुडसन ब्रूअर या मनोविकारतज्ज्ञांच्या गटाचा २०११ चा अभ्यास सिगारेट सोडू पाहणाऱ्यांवर होता. एका गटाला प्रचलित उपचार मिळाले. दुसऱ्याला सजगतेचं प्रशिक्षण. तलफ आली की तिच्याशी झुंजायचं नाही किंवा तिच्याकडे पाठही फिरवायची नाही. ती अंगात कशी जाणवते हे उत्सुकतेनं पाहायचं, हा त्या प्रशिक्षणाचा मोठा भाग होता. चार महिन्यांनी दुसऱ्या गटातले ३१ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते आणि पहिल्यातले ६ टक्के. अभ्यास लहान होता, शंभराहून कमी लोकांचा, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये. पण यातली गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तलफ नकोशी असते. तिच्याबद्दल उत्सुकता वाटली, तर तो क्षण सुसह्य होतो, कारण उत्सुकता स्वतःच सुखद असते.

ती सुखद का असते, याचाही थोडा उलगडा झाला आहे. २०१४ मध्ये मॅथियस ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस उत्तराच्या प्रतीक्षेत उत्सुक असतो, तेव्हा बक्षिसाच्या अपेक्षेनं जागी होणारी मेंदूतली डोपामिन या रसायनाची यंत्रणा कामाला लागते. त्या वेळात मधेच दाखवलेले अनोळखी चेहरेसुद्धा लोकांच्या जास्त लक्षात राहिले. चेहऱ्यांचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता, तरीही. हा प्रयोग सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर होता, स्वतःविषयीच्या प्रश्नांवर नव्हे, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण ओढीनं शिकलेलं टिकतं, हे तर आपण शाळेपासून अनुभवत आलो आहोत.

लिहिणं हा मनाला काम द्यायचा आणखी एक मार्ग. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी त्या घटनेबरोबर आपल्या भावनाही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिताना आणि लगेच नंतर मात्र त्यांना जास्त वाईट वाटलं होतं, हेही सांगायला हवं. पुढे अशा लिखाणांतले शब्द मोजले गेले. फायदा कुणाला झाला होता? ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "म्हणून", "त्यामुळे", "आता कळतं" या जातीचे शब्द वाढत गेले त्यांना. चारही दिवस तीच कहाणी त्याच शब्दांत लिहिणाऱ्यांना तेवढा झाला नाही. उगाळणं आणि कुतूहल यांतला तोच फरक इथे कागदावर उतरलेला दिसतो.

जे आपल्याला दिसूच शकत नाही

कितीही कुतूहलानं आत पाहिलं, तरी काही गोष्टी आतून दिसत नाहीत. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये माणसं स्वतःबद्दल काय सांगतात, त्यांचे मित्र काय सांगतात आणि ती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष कशी वागतात, याची तुलना केली. चिंता, अस्वस्थता, स्वतःबद्दलची शंका अशा आतल्या गोष्टींत माणूस स्वतःच जास्त बरोबर ठरला. हुशारी आणि कल्पकता यांबाबत मित्र जास्त बरोबर ठरले. कारण समजण्यासारखं आहे. आपण हुशार आहोत की नाही, यात आपला मान अडकलेला असतो. त्यामुळे तिथे नजर निवळ राहत नाही. बोलकेपणासारख्या उघड गोष्टींत मात्र दोघंही सारखेच.

म्हणजे आत्मपरीक्षणातलं "आत्म" फार मनावर घेऊ नये. अर्ध्या माहितीसाठी दुसऱ्यांकडे जावंच लागतं. पण "मी कशी आहे?" असं विचारलं तर लोक गोड बोलतील किंवा गोंधळतील. लहान, नेमका आणि उत्तर द्यायला सुरक्षित असा प्रश्न हवा. एका बहिणीनं धाकट्या भावाला विचारलं अशी कल्पना करा.

"माझ्याशी बोलताना तुला कधी जपून बोलावंसं वाटतं का रे?"

"जपून असं नाही, ताई. पण मी अर्धं बोललेलो असतो तेव्हाच तू 'हो, कळलं' म्हणतेस. मग मी पुढचं सांगत नाही."

इथे ओठांवर येणारं वाक्य ठरलेलं आहे, "अरे, पण मला खरंच कळलेलं असतं!" ते आलं की चौकशी पुन्हा बंद आणि भाऊ पुढच्या वेळी काही सांगणार नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "असं शेवटचं कधी झालं?" तर तो म्हणेल, "परवाच. नोकरी सोडायचा विचार करतोय म्हणालो, तर तू लगेच कुठे अर्ज करायचा ते सांगायला लागलीस. मला सोडायची नव्हतीच. नुसतं बोलायचं होतं."

या दोन उत्तरांत त्या ताईला जे मिळालं, ते वर्षभर डायरी लिहूनही मिळालं नसतं. तिच्या आतून तर ती मदतच करत होती.

असं विचारायचं, तर उत्तर ऐकून घ्यायची तयारी हवी आणि त्या क्षणी स्वतःची बाजू न मांडायची शिस्त. ही शिस्त मला या सगळ्यातली सगळ्यात कठीण गोष्ट वाटते. प्रयोग वाचून ती येत नाही. बचाव करायची ऊर्मी आली की तिच्याकडेच थोडं कुतूहलानं पाहायचं, एवढंच त्या वेळी हातात असतं. कुठल्या शब्दावर आपण ताठरलो? बहुतेकदा तो शब्दच पुढच्या चौकशीची जागा दाखवतो.

कुठे थांबायचं

हे सगळं चोवीस तास करायचं नाही. स्वतःच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणारा माणूस लवकरच थकतो आणि त्याच्या आसपासचेही थकतात. एखादा विषय घ्यावा, काही दिवस त्यावर लक्ष ठेवावं, जे दिसलं ते लिहून ठेवावं आणि मग सोडून जगाकडे वळावं. बाहेरच्या गोष्टींबद्दलचं कुतूहलही आपल्याला आपली ओळख करून देतं. नवं काही शिकताना आपण कुठे वैतागतो, कुठे रमतो, हार कशी घेतो, हे आरशात न पाहताच कळतं.

काही जखमा अशा असतात की एकट्यानं त्यात हात घालू नये. आठवणीसरशी धडधड सुरू होत असेल, श्वास अडकत असेल किंवा जेवण-झोप-काम यावर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल, तर तिथे प्रश्न विचारणं हे प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनं करायचं काम आहे. नैराश्यात तर कुतूहलच विझलेलं असतं आणि ते नसल्याबद्दल स्वतःला दोष देणं ही उगाळण्याचीच एक तऱ्हा होऊन बसते. अशा वेळी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ जे करतात त्यातला मोठा भाग हाच असतो. आपली उत्सुकता परत येईपर्यंत ते आपल्या वतीनं उत्सुक राहतात, निकाल न देता विचारतात आणि कुठल्या प्रश्नाला आत्ता हात लावायचा नाही, हेही तेच ठरवतात.